आदोळी पोत्यातच आहे

नार्वे, १८ जुलै २०२५

सौ. चंद्रावतीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, म्हणून आशीर्वाद. आई गेल्यापासून दीड वर्षात मी तुला एक अक्षर लिहिलं नाही, आणि आजही हौस आली म्हणून लिहीत नाही. डॉक्टरने सांगितलं म्हणून लिहिते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकारतो, कागदावरचं नाकारता येत नाही. बत्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या आहेत, एवढं मला कळतं.

मला खाज सुटली आहे. हसू नकोस. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोटांवर आणि मनगटांवर बारीक पुरळ आलं. मग लाल चट्टे, मग पाणी धरलेले फोड, मग खपल्या, आणि खपली पडली की पुन्हा पहिल्यापासून. हातांवर आहे, आणि इतरत्रही थोडं. इतरत्र म्हणजे कुठे ते विचारायचं कारण नाही.

डिचोलीचा डॉक्टर म्हणाला नायटा. त्याच्या मलमाने नायट्याला काही झालं असेल तर माहीत नाही, मला काही झालं नाही. शेजारची सुशीला म्हणाली रक्त बिघडलंय, कडुलिंबाचा रस घे. घेतला. तोंड कडू झालं, खाज होती तशीच. शेवटी म्हापशाच्या कातडीच्या डॉक्टरकडे गेले. माझ्या सिद्धेशपेक्षाही लहान पोरगा. त्याने हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "मे महिन्यापासून घरात जे जे नवीन आलं, त्याची यादी करून आणा."

मी तिथेच बसून पहिलं नाव लिहिलं. सौ. गौरवी सिद्धेश. तो म्हणाला, "माणसं नाही हो टीचर, वस्तू."

तर वस्तू. सिद्धेशच्या लग्नाला तू सख्खी मामी असून आली नाहीस, पण माझ्या भावाबरोबर, गोकुळदासाबरोबर, तीन जिनसा धाडल्यास. एक बाटली खोबरेल, पिशवीभर काजूबिया, आणि पोत्यात गुंडाळलेली आईची आदोळी, तिची नारळ खोवायची विळी. बिया सिद्धेशने भाजून खाल्ल्या, त्याला काही झालं नाही. खोबरेल मी केसांना लावलं होतं. त्यात काय काय होतं ते खरं खरं कळव. आदोळी पोत्यातच आहे. कोपऱ्यात आहे, सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

आईच्या बाराव्याला मी जे बोलले, ते मनात धरून तू काही केलं असशील असं मी म्हणत नाही. पण विचारल्याशिवाय राहवतही नाही.

सुमंगला


नार्वे, ५ ऑगस्ट

चंद्रावती,

तुझं पत्र मिळालं. साडेचार ओळी. खोबरेल आपल्याच झाडांच्या नारळांचं, बिया आपल्याच डोंगरावरच्या. बरं. आणि खाली मला बाय म्हणत लिहिलंस, "आदोळी नको असेल तर परत पाठवा, बाय."

परत पाठवणार नाही. पोत्यात आहे म्हणजे नको आहे असा अर्थ होत नाही.

खोबरेल मी तीन आठवडे बंद ठेवलं होतं. काही फरक नाही. म्हणजे तू सुटलीस. आता राहिली ती एकच, आणि डॉक्टर कितीही हसला तरी मी तिचं नाव यादीतून खोडलेलं नाही.

गौरवी दिसायला गरीब आहे. डिचोलीच्या पतसंस्थेत नोकरी करते, सकाळी आठच्या बसने जाते, सहाला येते, आल्याबरोबर ओढणी खोचून कामाला लागते. कुणीही म्हणेल, सुमंगलाटीचरने नशीब काढलं. पण मी तीस-तीस मुलांच्या वर्गात पेन्सिल कुणी चोरली ते चेहऱ्यावरून ओळखलेलं आहे. जून संपता संपता तिने भांडी धुताना रबरी हातमोजे घालायला सुरुवात केली. आमच्या घरात हातमोजे! मी विचारलं तर म्हणाली, "साबण लागता, आई." त्याच साबणाने मी चाळीस वर्षं भांडी घासली. तिला माझ्या हातांची किळस येते, दुसरं काय? मी ठेवलेल्या पेल्याला ती उघड्या हाताने शिवत नाही. शिवाय या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचे कुडते. फोनवर आईशी बोलते ती अंगणात जाऊन.

आणि पुरावा हवा असेल तर ऐक. जुलैच्या शेवटी सुशीलाच्या मुलीकडे म्हापशाला सहा दिवस राहायला गेले. तिथे तेच पाणी, तेच मासे, तेच माझं मलम. सहाव्या दिवशी हात चक्क सुकले. घरी परत आले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटलं. घरात खाज आहे, घराबाहेर नाही. मग घरात कोण आहे? सिद्धेशला काही नाही, तिलाही काही नाही, फक्त मला. तू सांग, याला योगायोग म्हणायचं का?

हे मी सिद्धेशला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आई, हें अशेंच चल्लें जाल्यार आमी पर्वरेक भाड्याची सुवात सोदतांव." एकुलता एक मुलगा लग्नानंतर तीन महिन्यांत भाड्याच्या घराची भाषा करतो, ती त्याची स्वतःची असेल का? मला रात्रभर झोप नाही, आणि ती काही नुसत्या खाजेमुळे नाही.

हे तुला का लिहिते कोण जाणे. सुशीलाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. तू निदान माझ्याशी बोलत नाहीस.

सुमंगला


नार्वे, ३१ ऑगस्ट

चंद्रावती,

चवथ झाली. आमच्याकडे काय झालं ते गोकुळदासाच्या कानावर आलं असेलच, तेव्हा माझ्या हातचं वाच.

चवथीच्या आदल्या दिवशी मी एकटीने चौदा नारळ खोवले. नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, सगळं. गौरवी म्हणाली, "मिक्सराक काडूंया." मी म्हटलं, देवाच्या नारळाचं चून मिक्सरमध्ये काढायला हे काय हॉटेल आहे? चवथीला सकाळी उठले तर अंगावर जसा विस्तव ठेवलाय. फोड नुसते हातांवर नाहीत, जिथे होते तिथे सगळीकडे उसळलेले. आरतीला सगळे बसले, मी दाराला धरून उभी होते. दीर, जावा, त्यांची मुलं, घर भरलेलं. जावेने विचारलं, "बसत का नाही हो?"

त्याच वेळी गौरवी हातमोजे घालून पानं वाढायला आली. देवाच्या पंगतीला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही घरात आली आणि माझ्या अंगाला आग लागली. आता किळस लपवायला हातमोजे घालते."

सगळे ऐकत होते. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "आई, म्हजेर दुबाव घेवन तुमची खाज वचपाची ना." माझ्यावर संशय घेऊन खाज जायची नाही, असं सुनेने सासूला सुनावलं, आणि आत गेली.

दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला, तशी तिने बॅग भरली. मला नमस्कार केला. केला, हे मी लपवत नाही. सिद्धेश तिला डिचोलीला आईकडे सोडून आला आणि माझ्याशी न बोलता वर जाऊन निजला. काल पर्वरीला जाऊन तो एक जागा बघून आला. मला सांगितलं नाही, गाडीत कागद सापडला. दिवाळीपासून राहायला जायचं आहे म्हणे.

ती गेली त्याला आज तीन दिवस. खाज गेलेली नाही. अजून जायला वेळ लागेल कदाचित. विष एका दिवसात उतरत नाही.

सकाळी चहा केला तो सवयीने तीन कप केला. सिद्धेशने एक घेतला. उरलेला मी ओतून टाकला, आणि मग मला इतकं रडू आलं की कपाळाला हात लावून बसले. बसले म्हणजे उभीच होते. बसता येत नाही.

सुमंगला


नार्वे, १४ सप्टेंबर

चंद्रावती,

तुझं कार्ड आलं. चार पानं लिहिली मी, आणि तुझा उलट एकच प्रश्न. "बाय, इतरत्र म्हणजे खंय?"

पहिल्याच पत्रात विचारू नकोस म्हटलं होतं. तीन दिवस कार्ड फळीवर ठेवलं. आज लिहिते, कारण गौरवी जाऊन सतरा दिवस झाले तरी खाज जशीच्या तशी आहे, आणि आता दोष द्यायला घरात कुणी उरलेलं नाही. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

उजव्या मांडीला मागून आहे, आणि त्याच्या वर. कुठे ते समजून घे. डाव्या पावलाच्या तळव्यालाही आहे. म्हापशाच्या पोराने विचारलं होतं, "आणखी कुठे आहे का?" मी म्हटलं, "छे, फक्त हातांवर." मुलाच्या वयाच्या पुरुषासमोर टीचरने काय काय दाखवायचं? आमच्या घरी हे होते तोवर त्यांनी तरी पाहिलं असतं. ते गेल्यापासून माझी पाठ कुणी पाहिलेली नाही. गौरवीच्या टेबलावरचा हातातला आरसा घेऊन, दार लावून, मान मोडेपर्यंत वळून मीच पाहिलं. चांगला पाटाएवढा चौकोन उठला आहे. एका बाजूने तर सरळ रेघ, पट्टी लावून आखल्यासारखी.

आता आणखी एक. तू विचारलेलं नाहीस, पण लिहायला बसलेच आहे तर होऊन जाऊ दे.

आदोळी पोत्यात नाही.

लग्नाची पाहुणेमंडळी गेली त्याच संध्याकाळी मी सुतळी सोडली. पातं घासून ठेवलेलं, खोवणीचे दाते नीट, आणि लाकूड काळंभोर चकचकीत. आईच्या वेळी ते पांढरं पडलं होतं, मला वाटलं तू धुऊनपुसून तेल दिलं असशील. आई बसायची तशीच उजवी मांडी टेकून, डावा पाय दाबून बसले. तेव्हापासून रोज सकाळी बसते. अर्धा नारळ लागत असला तरी पुरा खोवते. बसलं की थोडा वेळ तरी आई पाठीमागे चुलीशी आहे असं वाटतं. गौरवीला मी त्यावर कधी बसू दिलं नाही. ती एकदा बसायला गेली, तर मी उठवलं.

तुला खोटं लिहिलं, कारण तू दिलेलं मी रोज मांडीखाली घेते हे तुला कळू द्यायचं नव्हतं. झालं. आता काय म्हणायचं ते म्हण.

सुमंगला


नार्वे, २६ सप्टेंबर

चंद्रावती,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, मग दोन्ही नाही.

आई गेल्यावर आदोळीला कीड लागली, बुडाकडून पीठ पडायला लागलं. तू एप्रिलमध्ये काजूबियांच्या साली भाजून त्यांचं काळं तेल काढलंस, घराच्या वाशांना लावतात ते, आणि दोन हात दिलेस. ते तेल अंगाला लागलं की बिब्ब्यासारखं उततं, हे इब्रामपूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं की! बियांच्या दिवसांत मी माहेरी आले की हात सोलवटून आपण दोघी खोबरेल चोळत बसायचो. पण वाशांचं तेल कुणी आदोळीला देईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. महिनाभर कडक उन्हात वाळवायला हवं होतं, मधेच लग्न आलं, आणि गोकुळदास निघालाच आहे तर धाडू म्हणून तू ओली धाडलीस. वर पावसाळा. रोज धुतलेली, रोज दमट. वाळणार कधी?

आणि निरोप दिला होतास. "दिवाळीमेरेन तिचेर बसूं नाका, वतांत दवरात." म्हणजे दिवाळीपर्यंत नुसती उन्हात ठेवायची, बसायचं नाही.

हा निरोप मला मिळाला नाही, असं मी आधी लिहायला घेतलं होतं. मग ते दार आठवलं. मांडवातून गोकुळदास पोतं खांद्यावर घेऊन आला. घाम आलेला. म्हणाला, "बाय, हें चंद्रावतीन दिलां. तिणें सांगलां..." आणि मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "तिणें सांगिल्लें म्हाका नाका. थंय दवर." त्याने ठेवलं आणि बिचारा जेवून निघून गेला. निरोप माझ्या उंबऱ्यापर्यंत आला होता. मीच त्याला आत घेतला नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा काखेतही नव्हता, मी त्यावर बसले होते.

बाराव्याला चार माणसांत मी म्हणाले होते, तू आईला उपाशी ठेवलंस, म्हणून ती काटकी झाली. तू लिहिलं आहेस की शेवटच्या महिन्यात आईला गिळता येत नव्हतं, तू खोवलेल्या नारळाचं दूध काढून चमच्याने पाजत होतीस, आणि ती आदोळी दाखवून म्हणायची, "ही बायक दी," म्हणजे मला दे. नऊ वर्षं तिचं सगळं तू केलंस. मी सणाला यायचे आणि चुका काढून परत जायचे. त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, चंद्रावती. बोलताना मला माहीत होतं की खोटं आहे. आई गेली तेव्हा मी जवळ नव्हते, आणि ते मला कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. मला माफ कर.

म्हापशाला जाऊन आले. डॉक्टरला सगळं सांगितलं, नर्सला बोलावून दाखवलंही. तो म्हणाला, "टीचर, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

आता मला डिचोलीला जायचं आहे. काय तोंड घेऊन जाऊ ते कळत नाही. सिद्धेश म्हणतो, पर्वरीच्या जागेचं एक तारखेपर्यंत नक्की सांगायचं आहे.

सुमंगला


नार्वे, ३ ऑक्टोबर

प्रिय चंद्रावती,

आदोळी अंगणात आहे. रोज सकाळी काठीने ढकलत उन्हात नेते, संध्याकाळी काठीनेच आत आणते. येणारे-जाणारे बघतात.

डिचोलीला सोमवारी गेले, एकटीच. गौरवीच्या आईने दार उघडलं, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आदोळीचं, तेलाचं, तुझ्या निरोपाचं, आणि कुठे कुठे उठलं आहे तेही. लाजायचं आता काय राहिलं? गौरवी आतल्या दाराशी उभी होती. मी म्हटलं, "बाय गौरवी, तुझी काही चूक नव्हती. चार माणसांत बोलले, तर चार माणसांत माफी मागेन. तुळशीच्या लग्नाला सगळ्यांना बोलावते आणि मागते."

ती पुढे आली, कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

चंद्रावती, महिना झाला तरी तिच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी धरली नव्हती, औषधाविना लपवून लपवून चिघळलेलं. मनगटांवर जुन्या खपल्यांचे काळे डाग, त्यांच्यावर नव्या खपल्या. माझे बरे म्हणायचे असे हात. मी आदोळीवर तिला बसू देत नव्हते, पण रोज ती धुऊन भिंतीशी उभी करून ठेवायचं काम तिचंच होतं. मीच लावून दिलेलं.

"जून म्हयन्यासावन," ती म्हणाली.

मी विचारलं, "सांगलें कित्याक ना?"

"सांगिल्लें जाल्यार तुमी म्हणटलीं, हिणेंच हाडलां."

हिनेच हे आणलं असं मी म्हटलंच असतं. पहिलं नाव लिहिलंच होतं. फक्त मलाच होतं म्हणून मी तिला चोर ठरवलं, आणि मी चोर ठरवेन म्हणून तिने लपवलं. दोघी एका न्हाणीत, एकमेकींना चोरून, तीन महिने हात खाजवत होतो. ती एकदा बोलली असती तर दोघींच्या हातांवरून कुणीही ओळखलं असतं. आणि तिला बोलायला मीच जागा ठेवली नव्हती.

तिच्या आईने मग खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, नको, मला बसता येत नाही. गौरवीला हसू फुटलं. मग रडलीही.

काल ती आली. सिद्धेशने पर्वरीच्या माणसाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे, नको म्हणून नाही सांगितलं. बरोबरच आहे, माझा तरी कुठे भरवसा? गौरवीने एक अट घातली आहे. दुबाव आला की आधी तिला विचारायचं, मग जगाला सांगायचं. मी कबूल केलं. आज सकाळी मलमाची ट्यूब जागेवर नव्हती तेव्हा तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

ट्यूब तिच्याच हातात होती. म्हणाली, "आई, फाटल्यान तुमचो हात पावना. पालथीं पडात." मागे हात पोचत नाही हे खरं, तरी मी नको नको म्हटलं. बत्तीस वर्षं मुलांना शिस्त लावलेली बाई मी, सुनेसमोर लुगडं वर करून पालथी पडू? पडले. तिने दार लावलं, आणि त्या सोलवटलेल्या बोटांनी, हातमोज्याशिवाय, लावायला लागली.

"हांगा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मातशें सकयल." तिने बोटं जराशी खाली नेली.

दिवाळीला गोकुळदासाला घेऊन ये. पहिला नारळ तू खोव.

तुझी बाय